लिव्हिंग विल: मसुद्यापासून पोचपावतीपर्यंत

लिव्हिंग विल म्हणजे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवणारा कागद. गेल्या दोन वर्षांत पुण्यात घरच्या आणि ओळखीच्या ज्येष्ठांचे असे कागद करताना काय लागलं, कुठे अडलं आणि का अडलं, ते इथे लिहिलं आहे. फॉर्म भरणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. कोणाला नेमायचं, वाक्यं कशी लिहायची आणि रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात तो कागद कोणाच्या हातात असेल, यावरच पुढचं सगळं ठरतं.

पहिला घोळ नावाचा. मराठीत या कागदाला अजून एक ठरलेलं नाव नाही. 'इच्छापत्र' म्हटलं की टंकलेखक मृत्युपत्राचा नमुना उघडतो आणि फ्लॅट कोणाला, दागिने कोणाला असं विचारायला लागतो. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. हा कागद माणूस हयात असताना, पण स्वतःचं म्हणणं सांगू शकत नसताना लागू होतो आणि तो गेला की संपतो. म्हणून मथळ्यातच 'आगाऊ वैद्यकीय निर्देश अर्थात लिव्हिंग विल' असं लिहावं आणि त्यात मालमत्तेचं एकही वाक्य येऊ देऊ नये.

दुसरा गैरसमज कुलमुखत्यारपत्राचा. 'मुलाच्या नावाने पॉवर ऑफ अॅटर्नी केली आहे, तो बघेल' असं अनेक घरांत ऐकू येतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार नेमणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारीही संपते. म्हणजे ज्या दिवशी गरज पडणार, त्याच दिवशी तो कागद निकामी झालेला असतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्येही 'आगाऊ निर्देश' आणि 'नामनिर्देशित प्रतिनिधी' हे शब्द आहेत, पण ते फक्त मानसिक आजाराच्या उपचारांसाठी. इंटरनेटवर शोधताना तोच फॉर्म हाती लागतो आणि लोक तोच भरून मोकळे होतात. देहदान आणि अवयवदानाचे फॉर्मही वेगळे. ते याच फाइलमध्ये ठेवावेत, याच कागदात मिसळू नयेत.

आज जी पद्धत चालते ती सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून आली आहे. ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो असं मानलं आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण त्या वेळी कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे, आणि त्यामुळे फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट काढली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. या २०२३ च्या आदेशाची छापील प्रत फाइलमध्ये ठेवाच. नोटरीपासून रुग्णालयाच्या विधी विभागापर्यंत ती दाखवायची वेळ येते.

त्याआधीचा २०११ चा निकाल मात्र महाराष्ट्राच्या आठवणीतला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात जवळजवळ अचेत अवस्थेत होत्या. त्यांचं नळीतून अन्न देणं थांबवावं अशी मागणी करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना न्यायालयासमोर एक प्रश्न होता: अरुणाताईंच्या वतीने बोलायचा अधिकार कोणाचा? न्यायालयाने तो इतकी वर्षं त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, याचिकाकर्तीला नाही. त्यांनी स्वतः कोणाला नेमून ठेवलेलं नव्हतं, ठेवण्याची काही सोयही तेव्हा नव्हती. आपल्याला ती सोय आहे, म्हणून नेमणुकीच्या भागावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा.

नेमायच्या माणसासाठी न्यायालयाने शब्द वापरले आहेत 'पालक किंवा जवळचा नातेवाईक', आणि एकाहून अधिक नावं देता येतात. ही नावं देताना दोन मुलं म्हणून दोघांची नावं शेजारी शेजारी लिहिली जातात, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको. आयसीयूबाहेर मग एक म्हणतो थांबवा, दुसरी म्हणते अजून चार दिवस बघू, आणि डॉक्टर हात आखडता घेतात. ते साहजिकही आहे, कारण नेमलेल्या माणसांची संमती त्यांना लागते. म्हणून क्रम लिहा: 'पहिली निर्णयकर्ती अमुक. ती हयात नसल्यास, संपर्कात नसल्यास किंवा तिने लेखी नकार दिल्यास अमुक.' त्याखाली आणखी एक वाक्य: 'दोघांत मतभेद झाल्यास पहिल्या व्यक्तीचा शब्द अंतिम मानावा.'

मुलं न्यू जर्सीत किंवा सिंगापुरात आणि आईवडील कोथरूडमध्ये, अशी घरं आता नवलाची नाहीत. तिथे पहिलं नाव त्याच शहरात राहणाऱ्या माणसाचं असावं: भाची, धाकटा दीर, शेजारी राहणारी मावसबहीण. परदेशातल्या मुलाचं नाव दुसरं. हे मुलाला फोनवर नीट समजावून सांगा. यात त्याचा अधिकार काढून घेतलेला नाही, वैद्यकीय मंडळ, म्हणजे कागद लागू करायचा का हे ठरवणारे डॉक्टर, बसतं तेव्हा सही करायला माणूस इथे हवा एवढंच. मैत्रीण किंवा स्नेही नेमायचे असतील तर नातं लपवू नका. 'अमुक या माझ्या मैत्रीण असून या कामासाठी मी त्यांना माझ्या पालक म्हणून नेमत आहे' असं सरळ लिहा.

माणूस निवडताना प्रेम पाहावं, पण तेवढ्यावर थांबू नये. जो रडेल पण तरीही तुमचं म्हणणं डॉक्टरांना सांगेल, असा माणूस हवा. आम्ही एक सोपी कसोटी लावली. नेमायच्या व्यक्तीला समोर बसवून मसुदा वाचून दाखवायचा आणि विचारायचं, 'डॉक्टर म्हणाले नाकातली नळी काढू का, तर तू काय सांगशील?' काहींनी इथेच हात जोडले, 'माझ्याच्याने होणार नाही' म्हणाले. हे फार मोलाचं उत्तर आहे. ते आज मिळालं म्हणून आभार माना आणि दुसरं नाव शोधा.

आता मसुद्याची भाषा. 'मला यंत्रांवर ठेवू नये', 'विनाकारण हाल करू नयेत' ही वाक्यं मनापासूनची असतात, पण डॉक्टरांच्या उपयोगाची नसतात. यंत्र कोणतं? विनाकारण कशाला म्हणायचं? कागद संदिग्ध वाटला तर मंडळाला तो बाजूला ठेवून, कागदच नाही असं धरून पुढे जावं लागतं. म्हणून आधी अट लिहावी, मग उपचारांची नावं. अट साधारण अशी: 'मला बरा न होणारा, अखेरच्या टप्प्यातला आजार आहे, दीर्घ उपचार चालू असूनही सुधारण्याची आशा नाही आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, असं वैद्यकीय मंडळांनी ठरवल्यास पुढील निर्देश लागू व्हावेत.' ही अट न्यायालयाच्या चौकटीशी जुळते. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या किंवा अपघातानंतर शस्त्रक्रियेने माणूस उठून बसण्यासारखा आहे, तिथे हा कागद लागू होत नाही. घरच्यांची सगळ्यात मोठी भीती हीच असते की कागद पाहून डॉक्टर प्रयत्नच करणार नाहीत. त्यांना हे वाक्य दोनदा वाचून दाखवा.

त्यानंतर एकेक उपचार घ्या आणि प्रत्येकापुढे 'नको', 'चालेल' किंवा 'ठरावीक दिवस करून पाहा' यांपैकी एक लिहा. हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि शॉक देणं. घशात नळी घालून व्हेंटिलेटर. गळ्याला छेद देऊन बसवलेली नळी, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी. डायलिसिस. रक्तदाब टिकवून ठेवणारी सलाइनमधली औषधं. रक्त चढवणं. पुन्हा पुन्हा होणाऱ्या न्यूमोनियासाठी शिरेतून प्रतिजैविकं. 'ठरावीक दिवस' लिहिलंत तर आकडा द्या, 'सात दिवस व्हेंटिलेटर, त्यात सुधारणा न दिसल्यास काढावा' असा. हे कलमच घरच्यांना सगळ्यात जास्त धीर देतं, कारण त्यात प्रयत्न करण्याला जागा राहते आणि थांबायची वेळही ठरलेली असते. हे सगळं फॅमिली डॉक्टरांसमोर बसून करावं, एक तास तरी काढून. ट्रॅकिओस्टॉमी झालेला माणूस कसा दिसतो, बोलू शकतो का, नळी साफ कोण करतं, हे माहीत नसताना त्यापुढे 'नको' लिहिण्यात काही अर्थ नाही.

नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचं कलम सगळ्यांना जड जातं. आपल्याकडे दारात आलेल्यालाही उपाशी जाऊ देत नाहीत, तिथे आईची अन्नाची नळी बंद करा असं कोण म्हणेल? म्हणूनच ते ओझं मुलांवर न टाकता स्वतः लिहून ठेवावं. शरीर मिटत आलं की भूक आणि तहान मंदावते आणि नळीतून ढकललेलं अन्न छातीत जाण्याची भीती असते, हे डॉक्टरांकडून घरच्यांसमोर वदवून घ्या. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसासाठी हे कलम वेगळं लिहा, कारण तो टप्पा वर्षानुवर्षं चालू शकतो: 'मी माणसं ओळखत नसेन आणि गिळू शकत नसेन तर नळी घालू नये. हाताने, चमच्याने जेवढं सुखाने घेईन तेवढंच द्यावं.'

जे नको त्याच्याइतकंच जे हवं तेही लिहायचं. दुखणं आणि धाप यांवर पूर्ण औषध हवं, मॉर्फिन लागलं तर तेही, गुंगी आली तरी चालेल. तोंड ओलं ठेवावं, कूस बदलावी, जखमा होऊ देऊ नयेत. शक्य असल्यास घरी न्यावं. तुळशीपत्र आणि गंगाजल हवं असेल तर तेही लिहा, पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमचाभर पाणी ओतलं की ठसका लागून छातीत जातं, म्हणून ओल्या कापसाने ओठांना लावावं. एक वाक्य मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी घालू नका, 'इंजेक्शन देऊन सोडवावं' हे. आपल्याकडे ते बेकायदेशीर आहे आणि त्या एका वाक्यामुळे संपूर्ण कागदाकडे संशयाने पाहिलं जातं.

मसुद्यात आणखी दोन गोष्टी लागतात: हा निर्देश मी केव्हाही मागे घेऊ शकतो, हे वाक्य, आणि त्याचे परिणाम मला समजले आहेत, हे वाक्य. भाषा मराठी असायला काही हरकत नाही. पण आयसीयूतले डॉक्टर केरळचे किंवा बंगालचे असू शकतात, म्हणून इंग्रजी भाषांतर मागे जोडा आणि दोन्हींवर सह्या करा.

साक्षीदार दोन, शक्यतो स्वतंत्र. ज्यांना वारसा मिळणार ते नकोत, ज्यांना नेमलं ते नकोत, उपचार करणारे डॉक्टरही नकोत. शेजारी उत्तम, आणि सत्तरीच्या माणसाने सत्तरीचाच साक्षीदार घेण्यापेक्षा चाळिशीतला घ्यावा. सही करणारा आणि दोन्ही साक्षीदार असे तिघेही आधार कार्ड घेऊन नोटरीसमोर एकाच वेळी हजर हवेत. 'साक्षीदारांच्या सह्या घरूनच आणा' असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

नोटरीकडे अडचण होते ती सवयीची. त्यांच्या हाताला प्रतिज्ञापत्राची सवय, त्यामुळे 'माझ्यासमोर सही केली' एवढा शिक्का मारून ते कागद परत देतात. ते पुरत नाही. कागद स्वेच्छेने, दबाव किंवा आमिष नसताना आणि सर्व माहिती व परिणाम समजून केला आहे याबद्दल आपलं समाधान झालं आहे, असं साक्षीदारांनी आणि नोटरीने नोंदवायचं असतं. हा मजकूर मसुद्याच्या शेवटीच टाइप करून न्यावा, खाली तिघांच्या सहीची जागा ठेवून. आम्हाला एक कागद एवढ्याचसाठी पुन्हा करावा लागला. मुद्रांक कागदाची अट न्यायालयाच्या निर्देशांत नाही, तरी बरेच नोटरी आग्रह धरतात. वाद घालत बसण्यापेक्षा मुद्रांक घेतलेला बरा. प्रत्येक पानावर सही, खाडाखोड नाही, आणि नोटरीच्या वहीतला नोंद क्रमांक कागदावर उतरलेला आहे ना, हे तिथेच तपासा. अंथरुणावरच्या माणसासाठी नोटरी घरी येतात, त्यांचं शुल्क आधी ठरवून घ्यावं. अशा वेळी त्या दिवशी माणूस शुद्धीत आणि समजून बोलत होता असा डॉक्टरांचा दाखलाही जोडा. तो सक्तीचा नाही, पण पुढे कोणी शंका काढली तर उपयोगी पडतो.

आम्ही प्रत्येकी तीन मूळ प्रती केल्या: एक घरी, एक पहिल्या निर्णयकर्त्याकडे, एक अभिरक्षकाकडे. अभिरक्षक म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने हे कागद सांभाळायला नेमलेला अधिकारी. महाराष्ट्रात ही नेमणूक बराच काळ झालीच नव्हती. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल करून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर राज्यभर चारशेहून अधिक अभिरक्षक नेमले गेले. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचा कागद करून सुरुवात करून दिली.

तरीही कार्यालयाच्या खिडकीवर 'हे काय असतं?' असा प्रश्न येतो, आणि त्यात त्या कारकुनाचा दोष नाही. दोन प्रती, २०२३ च्या आदेशाची छापील पानं आणि वर एक साधं पत्र न्या: 'सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार माझ्या आगाऊ वैद्यकीय निर्देशाची प्रत अभिरक्षक अधिकाऱ्याकडे जतन करण्यासाठी सादर करीत आहे.' आरोग्य विभागात अभिरक्षक कोण हे विचारा. कोणालाच सांगता आलं नाही तर आवक विभागात आयुक्तांच्या किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. रुग्णालयाला कागद खरा आहे का हे अभिरक्षकाकडून किंवा डिजिटल आरोग्य नोंदीतून पडताळायचं असतं, तिथे तो क्रमांकच कामाला येतो. फॅमिली डॉक्टरांना एक प्रत द्या. आभा (सरकारी डिजिटल आरोग्य) खातं असेल तर स्कॅन करून त्यात चढवा.

रुग्णालयात भरती होतानाच प्रत केस पेपरला लावायला सांगा. व्हेंटिलेटर लागल्यावर आठव्या दिवशी ती बाहेर काढली तर नातेवाईकांना आता खर्च झेपत नाही असा अर्थ निघतो. पुढचा क्रम असा: माणूस बोलू शकत असेल तर त्याचाच शब्द, कागद बाजूला. नसेल तर प्राथमिक मंडळ बसतं. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग दुय्यम मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले आणखी दोन तज्ज्ञ. त्यांनाही शक्यतो ४८ तास. नेमलेल्या व्यक्तींची संमती लेखी घेतली जाते. उपचार थांबवण्याआधी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. ही फक्त कळवणी आहे, परवानगी नव्हे. 'कोर्टाची ऑर्डर आणा' असं कोणी म्हटलं तर आदेशाचं ते पान उघडून दाखवा. दुय्यम मंडळाने नकार दिला तर मात्र उच्च न्यायालयात जाता येतं.

वेळ लागतो तो दुय्यम मंडळाला. जिल्ह्याकडून नाव यायला उशीर होतो. छोट्या रुग्णालयात तज्ज्ञच पुरेसे नसतात. मोठ्या आजारात रुग्णालय निवडायला वेळ असेल तेव्हा विचारून ठेवा: तुमच्याकडे मंडळासाठी डॉक्टरांची यादी तयार आहे का, उपशामक उपचारांचा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात दुखणं आणि धाप कमी करणारा, विभाग आहे का? ही वाट माहीत नसल्याने कित्येक घरं 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध' अशी सही करून माणसाला घरी नेतात. रुग्णवाहिकेत हाताने श्वासाचा फुगा दाबत आणलं जातं, घरी आल्यावर नळी निघते आणि धाप कमी करायला मॉर्फिनचा थेंब नसतो. हे पाहिल्यावर चार दिवस मंडळासाठी थांबणं कितीतरी बरं वाटतं, कारण मंडळामार्फत गेलं की आधी औषध देऊन माणसाला शांत करतात, मग यंत्र काढतात. श्वास त्यानंतर काही मिनिटं चालेल किंवा काही तास, कधी एखाददोन दिवसही. हे घरच्यांना आधी सांगितलेलं नसेल तर प्रत्येक तास त्यांना आपण चूक केल्यासारखा जातो.

अनेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट. १०८ ला फोन केलात तर येणारे लोक छाती दाबायला सुरुवात करणारच, आणि तेच त्यांचं काम आहे. कपाटातल्या लिव्हिंग विलने ते थांबत नाहीत. घरीच शेवट व्हावा असं ठरलेलं असेल तर कोणाला फोन करायचा हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: फॅमिली डॉक्टर, उपशामक सेवेची नर्स, पहिला निर्णयकर्ता. घरी मृत्यू झाला की स्मशानभूमीत आणि नोंदणीसाठी मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला लागतो. म्हणून रात्री येऊन तो देणारे डॉक्टर आधीच ठरलेले हवेत.

दर दोन वर्षांनी, किंवा नवा आजार कळला, जोडीदार गेला, नेमलेली व्यक्ती परगावी गेली की कागद काढून वाचा. बदल करायचा तर पेनाने खोडून चालत नाही. रद्द करायलाही लेखी कागद, साक्षीदार आणि नोटरी हीच पद्धत. दोन कागद सापडले आणि एकही रद्द केलेला नसेल तर शेवटी सही झालेला धरतात. शेवटच्या पानावर कोणती प्रत कोणाकडे आहे याचा तक्ता ठेवा. नवी प्रत देताना जुनी परत घ्या, तिच्यावर आडवी रेघ मारून 'रद्द' आणि तारीख लिहा, आणि अभिरक्षकाकडच्या जुन्या प्रतीसाठी वेगळं पत्र देऊन त्याचीही पोच घ्या.